शास्त्र आणि संसार : वंशावळींत नसलेलीं मुलें

गेल्या मे महिन्यांत माझी पुतणी पुण्याहून चार दिवस नगरास राहावयास आली होती. ती संख्याशास्त्र शिकलेली असून रोगांच्या साथींचें गणित संगणकावर मांडणें हा तिचा व्यवसाय आहे. अशा माणसांची जिज्ञासा सुट्टींतहि स्वस्थ बसत नाहीं. एके दुपारीं तिनें माळ्यावरचें जुनें दप्तर खालीं काढलें आणि त्यांतील आमच्या घराण्याची वंशावळ ओसरीवर पसरली. हातकागदावर बोरूनें लिहिलेली सात पिढ्यांची ही वंशावळ आमच्या घरांतील एक अभिमानाची वस्तु आहे. कोणी पाहुणा आला म्हणजे ती त्यास दाखविण्याचा प्रघात आहे, आणि पाहणारा मान डोलावून ती परत करतो. पुतणीनें मान डोलावली नाहीं. ती बराच वेळ वाकून पाहत राहिली आणि मग म्हणाली, "काका, या कागदावर एकहि मुलगी नाहीं, तें एक असो. पण सात पिढ्यांत एकहि मूल लहानपणीं गेलेलें नाहीं, हें कसें?"

या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. माझ्या आजीस अकरा अपत्यें झालीं, हें मीं लहानपणीं कित्येकदां ऐकलेलें होतें. वंशावळींत आजोबांच्या नांवाखालीं तीन रेघा आहेत; ते तिच्या पोटचे तीन मुलगे. दोन मुली जगल्या, त्या रीतीप्रमाणें कागदावर नाहींत. त्यांतील धाकटी, माझी आत्या, नव्वदी ओलांडून अद्याप आपल्यांत आहे. तीन आणि दोन मिळून पांच झालीं. उरलेलीं सहा कोठें गेलीं, तीं मुलगे होतीं कीं मुली, किती दिवसांचीं होऊन गेलीं, हें आज सत्तरी गांठलेल्या मलाहि ठाऊक नव्हतें. आणि ठाऊक नाहीं हें आजवर मनासहि आलें नव्हतें.

खेद अधिक वाटण्याचें कारण असें कीं, आमचें घर हिशेबी घर. माझे पणजोबा पंचांगाचें गणित करीत. ग्रहणाचा स्पर्श केव्हां, मध्य केव्हां, मोक्ष केव्हां, हें ते घटका-पळांत सांगत. आकाशांतील चंद्राच्या चालीचा हिशेब ज्या घरांत इतक्या काळजीनें ठेवला गेला, त्या घरांत पाळण्यांतून उचलून नेलेल्या मुलांचा हिशेब मात्र कोणी ठेवला नाहीं. आणि हें केवळ आमच्याच घरीं घडलें असें मला वाटत नाहीं. वाचकांनीं आपापल्या घरचीं दप्तरें सोडून पाहावीं.

याच्या उलट, आकाशाचें गणित करणाऱ्या एका पुरुषानें माणसांच्या मरणाचाहि हिशेब मांडला, अशी गोष्ट शास्त्राच्या इतिहासांत आहे. ज्याच्या नांवाचा धूमकेतु प्रसिद्ध आहे त्या एडमंड हॅलेनें १६९३ सालीं ब्रेस्लाऊ शहरांतील जन्ममृत्यूच्या नोंदी घेऊन, कोणत्या वयापर्यंत किती माणसें शिल्लक राहतात याचें कोष्टक प्रसिद्ध केलें. त्या नोंदी तेथील एका धर्मोपदेशकानें चिकाटीनें जमविल्या होत्या. पुढें द्रवांच्या गतीचा नियम शोधून पदार्थविज्ञानांत अजरामर झालेला डॅनियल बर्नुली यानें हेंच कोष्टक हातीं घेऊन १७६० सालीं एक विलक्षण प्रश्न सोडविला. देवीचा रोग अजिबात नाहींसा झाला तर माणसाचें सरासरी आयुष्य किती वाढेल? त्याचें उत्तर असें आलें कीं, तें २६ वर्षें ७ महिन्यांवरून २९ वर्षें ९ महिन्यांवर जाईल. रोगाशीं झुंजण्यासाठीं गणित उपयोगीं पडतें, हें दाखविणाऱ्या पहिल्या प्रयत्नांत याची गणना होते.

पुतणीच्या व्यवसायांतील मूळ समीकरणें मात्र आपल्याला याहून जवळचीं आहेत. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला आणि पुढें दख्खनभर पसरला. उंदीर पडूं लागले कीं घरें सोडून रानांत झोपड्या बांधावयाच्या, हें आमच्या आजोबांच्या पिढीनें पुष्कळ वेळां अनुभविलें. मुंबई शहरांत दर आठवड्यास प्लेगनें किती माणसें दगावलीं याची नोंद सरकारी दप्तरांत राहिली. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळांतील तो आंकड्यांचा तक्ता वीस वर्षांनीं एडिंबरा येथील दोन गृहस्थांच्या हातीं पडला. एक मॅकेंड्रिक, हे हिंदुस्थानांतील वैद्यकीय सेवेंत वर्षानुवर्षें काम केलेले डॉक्टर. दुसरे कर्मॅक; हे रसायनशास्त्रज्ञ. १९२४ सालीं प्रयोगशाळेंतील अपघातांत यांचे दोन्ही डोळे गेले होते, तेव्हां समीकरणें त्यांनीं मनांतल्या मनांतच सोडवावयाचीं. या दोघांचा निबंध १९२७ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें छापला.

त्यांची कल्पना सांगावयास सोपी आहे. गांवांतील माणसांच्या तीन राशी कराव्या: ज्यांना रोग व्हावयाचा आहे ते, ज्यांना झाला आहे ते, आणि जे बरे होऊन किंवा मरून साथीच्या बाहेर पडले ते. पहिल्या राशींतील माणूस दुसऱ्या राशींतील माणसास जितक्या वेळां भेटेल, तितके नवे रोगी होणार. म्हणून दररोज होणारे नवे रोगी हे या दोन राशींच्या गुणाकाराच्या प्रमाणांत असणार. भांड्यांत दोन द्रव्यें मिसळलीं असतां त्यांचे कण एकमेकांवर आदळून जसा संयोग होतो, तसाच हा प्रकार. रसायनशास्त्रज्ञाला तो सुचावा हें साहजिक होतें. यांतून जो निष्कर्ष निघाला तो त्या काळीं नवा होता. वणवा माळावरचें सर्व गवत जळेपर्यंत चालत नाहीं. उरलेलें गवत एका मर्यादेपेक्षां विरळ झालें कीं, गवत शिल्लक असूनहि तो विझतो. साथहि तशीच विझते. रोग होऊं शकणारीं माणसें कांहीं मर्यादेहून कमी झालीं, मग तीं रोगानें कमी होवोत वा लस टोंचून, कीं साथीला पुढें जातां येत नाहीं. २०२० सालीं कोरोनाच्या दिवसांत एका रोग्यापासून किती जणांस लागण होते याची चर्चा आपण घरोघर ऐकली, तिचें मूळ या विचारांत आहे. पूर्वीं हीं गणितें कागदावर, फारच थोड्या गृहीतांवर करावीं लागत. आतां संगणक हजारों गांवें, वयोगट व ऋतु एकाच वेळीं हिशेबांत धरतो.

शास्त्राचा प्रामाणिकपणा असा कीं, या प्रसिद्ध निबंधाचीहि पुढें झाडाझडती झाली. त्यांचें समीकरण मुंबईच्या आंकड्यांशीं सुंदर जुळलें. परंतु प्लेग तर उंदीर आणि पिसवांमार्फत पसरणारा, आणि त्यावर ऋतुमानाचा मोठा परिणाम. निकोला बाकाएर या फ्रेंच गणित्यानें २०१२ सालीं दाखवून दिलें कीं, मुंबईची साथ उतरण्याच्या कारणांत ऋतु बदलण्याचा वांटा गणितांत धरला पाहिजे. आकृति जुळली म्हणजे कारण सांपडलें, असें नव्हे. हें वाक्य पुढेंहि आपल्या उपयोगीं पडणार आहे.

पण या सगळ्या गणिताचा पाया कोणता? मुंबईच्या कोणा कारकुनानें आठवड्यामागून आठवडे लिहिलेला मृतांचा आंकडा. तो लिहिला गेला, कारण प्लेगला शहर भ्यालें होतें. एखाद्या कोरडवाहू खेड्यांत पांच महिन्यांचें मूल हगवणीनें वाळून जातें, त्यानें कोणी शहर भीत नाहीं. मग त्याचा आंकडा कोण लिहिणार? हें पुतणीला विचारलें तेव्हां ती हंसून म्हणाली, "काका, याचें उत्तर तुमच्याच जिल्ह्यांत आहे. आम्हांस तें पुस्तकांतून शिकवितात आणि तुम्ही येथें राहतां." ती जामखेडविषयीं बोलत होती.

नगरहून आग्नेयेस, बीडच्या सरहद्दीलगत, पावसानें नेहमीं पाठ फिरविलेला असा हा तालुका. १९७० सालीं डॉ. रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे यांनीं येथें कामास आरंभ केला. दोघेहि वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेलीं. याच जिल्ह्यांत वडाळा येथील मिशनच्या रुग्णालयांत कांहीं वर्षें काम केल्यावर त्यांच्या ध्यानीं आलें कीं, बहुतेक रोगी टाळतां येण्यासारख्या रोगांचे असतात, आणि बरे होऊन गेलेले तेच लोक तेच रोग घेऊन परत येतात. म्हणून अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्याचें शिक्षण घेऊन दोघें परतलीं, आणि जामखेडला गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेंत त्यांनीं बस्तान मांडलें.

प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणें १९७१ सालीं या खेड्यांत जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकीं १७६ मुलें वर्ष पुरें होण्याआधीं मरत. म्हणजे सतरांत तीन. त्या सालीं साऱ्या देशाची सरासरी १२९ होती. हा १७६ चा आंकडा नीट पाहावा. त्यांत नुसतीं मेलेलीं मुलें मोजून भागत नाहीं. जन्मलेलीं सर्व मोजावीं लागतात, नाहींतर हजारांत किती हें काढतां येणार नाहीं. आणि घरच्या कर्त्या पुरुषास "मुलें किती?" असें विचारलें तर तो हयात मुलें सांगतो, पुष्कळदां त्यांतले मुलगेच तेवढे सांगतो. खरा आंकडा फक्त बाईपाशीं असतो, आणि तो ती बाईलाच सांगते.

आरोळे दांपत्याचा पहिला बेत फसला होता, हें येथें मुद्दाम सांगतों. शिकलेल्या परिचारिका खेड्यांत ठेवाव्या असा तो बेत होता. परंतु एकट्या तरुण स्त्रीस परक्या गांवांत राहणें कठीण, आणि गांवास ती परकीच. तेव्हां गांवकऱ्यांकडूनच सूचना आली कीं, आमच्याच गांवांतील एखादी बाई घ्या. याप्रमाणें ज्या स्त्रिया निवडल्या गेल्या त्या बहुतेक निरक्षर, वयानें पोक्त, आणि कित्येक दलित समाजांतील होत्या. ज्यांच्या हातचें पाणी गांव पीत नव्हता, त्यांच्या हातीं गांवानें पुढें आपलीं बाळंतपणें दिलीं. हा पालट एका दिवसांत झाला नाहीं, आणि तो सहज झाला असें म्हणणें त्या स्त्रियांच्या सोसण्यावर अन्याय होईल. आठवड्यास एकदां जामखेडला येऊन त्या शिकत, आणि गांवांत कोणास दिवस गेले, कोण बाळंत झालें, कोणतें मूल आजारी, कोणतें गेलें, याची खबर आणीत. लिहितां न येणाऱ्या या स्त्रियांच्या स्मरणांतून ती नोंद वहींत उतरूं लागली.

त्या शिकल्या त्या गोष्टी पाहिल्या तर कोणत्याहि घरांतील गृहिणीस नवल वाटेल, इतक्या त्या साध्या आहेत. नाळ विळ्यानें किंवा कसल्याहि पात्यानें न कापतां उकळून निर्जंतुक केलेल्या पात्यानें कापावी, म्हणजे अर्भकास धनुर्वात होत नाहीं. मूल वेळोवेळीं तोलावें, म्हणजे तें खंगत चाललें आहे हें डोळ्यांस दिसण्याआधीं कांट्यावर दिसतें. आणि हगवणींत पाणी तोडूं नये, उलट मीठ-साखरेचें पाणी घोट घोट पाजीत राहावें. या शेवटल्या उपायामागें तर फार सुंदर शास्त्र आहे. हगवणींत आंतड्याची नुसतें मीठ व पाणी शोषून घेण्याची शक्ति क्षीण होते. पण साखर शोषून घेणारें दार उघडें असतें, आणि साखर आंत जातांना मिठास बरोबर ओढून नेते व त्यामागोमाग पाणी जातें. १९७१ सालीं बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावण्यांत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं याच उपायानें असंख्य जीव वांचविले. त्याच सुमारास जामखेडच्या स्त्रियाहि चुलीपाशीं बसून तेंच शिकवूं लागल्या.

मात्र औषध हें गांवाचें पहिलें मागणें नव्हतेंच. तीं वर्षें दुष्काळाचीं होतीं. लोकांस पाणी आणि धान्य हवें होतें. म्हणून विहिरी खोदणें, मुलांस सामुदायिक भोजन देणें, शेतकऱ्यांचीं व स्त्रियांचीं मंडळें उभारणें हें सर्व आरोग्याच्याच कामांत धरलें गेलें. १९७६ सालीं १७६ चा आंकडा ५२ वर आला अशी प्रकल्पाची नोंद आहे. पुढें १९७९ सालीं आरोळे पतिपत्नींस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. मेबलबाई १९९९ सालीं व डॉ. रजनीकांत २०११ सालीं निवर्तलीं.

आतां चिकित्सक वाचक विचारील कीं, बालमृत्यु तर साऱ्या देशांतच कमी झाले. २०२० सालीं देशाची सरासरी हजारीं २८ वर व महाराष्ट्राची १६ वर आली. मग जामखेडची घट जामखेडच्या कामामुळेंच, हें कशावरून? मुंबईच्या प्लेगसंबंधींचें तें वाक्य येथें आठवावें: आकृति जुळली म्हणजे कारण सांपडलें, असें नव्हे. या शंकेचें निरसन करण्याचा एक चांगला प्रयत्न झाला आहे. २००७ सालीं प्रकल्पाच्या गांवांतील आणि त्याबाहेरील तशाच गांवांतील स्त्रियांची पाहणी करण्यांत आली. प्रत्येकीस पहिल्या बाळंतपणापासून क्रमानें विचारावयाचें: मूल केव्हां झालें, मुलगा कीं मुलगी, आहे कीं नाहीं, नसल्यास केवढें होऊन गेलें. संख्याशास्त्रांत या साध्या प्रश्नमालेस जन्मेतिहास म्हणतात. मग जात, धर्म, जमीन, आईचें वय व शिक्षण यांमुळें पडणारा फरक गणितानें वेगळा काढावयाचा, म्हणजे सारख्याची सारख्याशीं तुलना होते. हें काम संगणकाचें. हा अभ्यास २०१० सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. पांच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गांवांत बाहेरच्यापेक्षां सुमारें ३० टक्क्यांनीं कमी आढळला. तीस हा आंकडा १७६ वरून ५२ इतका डोळे दिपविणारा नाहीं. पण तो तपासून घेतलेला आहे, आणि शास्त्रांत तपासलेल्या लहान आंकड्याची किंमत न तपासलेल्या मोठ्या आंकड्याहून अधिक असते.

हें सर्व ऐकल्यावर मी पुतणीस म्हटलें, "मग आत्याला विचारून पाहूं." तिनें लगेच दूरध्वनि लावला आणि गांवोगांव विचारतात त्याच क्रमानें विचारूं लागली. आत्या सर्वांत धाकटी. बहुतेक मुलें तिच्या जन्माआधींच गेलेलीं. परंतु तिच्या आईनें तिला तीं सांगितलीं होतीं, आणि तिनें तीं जपून ठेवलीं होतीं. पहिली मुलगी. सातव्या दिवशीं दूध ओढीनाशी झाली, जबडा मिटला तो उघडला नाहीं. पुतणीनें माझ्याकडे पाहिलें. नाळ कशानें कापली असेल हें आम्हां दोघांनाहि कळलें. मग एक मुलगा देवीनें. एक जन्मतःच न रडलेलें. एक मुलगी सहा महिन्यांची, खोकल्यानें. एक मुलगा तापानें. त्याचें बारसें झालें होतें.

सहावी मुलगी दोन वर्षांची होती. उन्हाळ्यांत एका रात्रींत हगवणीनें गेली. "ती पाणी मागत होती," आत्या म्हणाली, "पण हगवणींत पाणी द्यायचें नाहीं असें घरांतल्या मोठ्यांनीं सांगितलें. आईनें ओला पंचा तिच्या ओठांवर फिरविला, तेवढाच. मरेपर्यंत आई तें बोलून दाखवी. म्हणे, मीं चोरून का नाहीं पाजलें!"

घरांतले मोठे म्हणजे माझे पणजोबा. ग्रहण पळांत सांगणारे. त्यांस दोष देण्याचा मला अधिकार नाहीं. त्या काळीं पुष्कळ वैद्य आणि डॉक्टरहि तेंच सांगत. परंतु एक विचार तेव्हांपासून मनांतून जात नाहीं. आमच्या आळींत त्या दहा-वीस वर्षांत अशीं किती मुलें गेलीं, कोणत्या घरांत पाणी दिलें आणि कोणत्या घरांत तोडलें, हें कोणी एका वहींत लिहून ठेवलें असतें, तर पंचांग करणाऱ्या माणसाच्या नजरेस त्यांतील नियम आल्यावांचून राहिला नसता. गणित त्यांना येत होतें. वही नव्हती.

पुतणीनें वंशावळीवर आजोबांच्या नांवाखालीं, शाईनें नव्हे, शिसपेन्सिलीनें आठ रेघा ओढल्या: दोन जगलेल्या मुलींच्या, सहा गेलेल्या मुलांच्या. दोन रेघांखालीं नांवें लिहितां आलीं, कारण तीं आत्याला आठवत होतीं; एक तापानें गेलेल्या मुलाचें आणि एक त्या दोन वर्षांच्या मुलीचें. बाकीच्यांपुढें "मुलगी, सातवा दिवस", "मुलगा, देवी" अशी नोंद आहे. जन्मक्रम लागतो तसा लिहिला आहे.

ज्या घरांत ऐंशी-नव्वदीच्या बाई आहेत, त्या घरांतील तरुण मंडळींनीं येत्या सुट्टींत हा प्रश्न अवश्य विचारावा. विचारतांना "मुलें किती?" असें विचारूं नये, पहिल्या बाळंतपणापासून क्रमानें विचारावें, मध्यें घाई करूं नये, आणि शक्य तर घरांतील स्त्रीनेंच विचारावें. आमच्या आत्याला हें सांगावयास तासाहून अधिक वेळ लागला, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिनें आपण होऊन दूरध्वनि केला. देवीनें गेलेला मुलगा तिसरा नव्हे, चौथा, एवढी दुरुस्ती तिला करावयाची होती.